आमची वाटचाल : हुंकाराच्या शोधात

आम्ही दोघींनी गोष्टी ध्वनिमुद्रित करून द्यायचं काम सुरू केलं तेव्हा गोष्टीची लांबी लेखक नाही, कॅसेट ठरवायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं. गोष्ट 34 मिनिटांची भरली की चार मिनिटं कापा, नाहीतर असा पेच टाका की ऐकणारा उठून कॅसेट उलटवेल. माझी भागीदार यात पटाईत. दारावर थाप पडायची आणि खट्, बाजू संपली! पुढे सीडीवर 74 मिनिटं मिळाली आणि आम्ही सैलावलो. तेव्हाच्या आमच्या काही गोष्टी आता ऐकवत नाहीत, इतकं पाल्हाळ.

फाइली आल्या आणि वाटलं, लांबीची कटकट मिटली. कसली मिटते! ती ऐकणाऱ्याच्या अंगठ्यात जाऊन बसली. इन्स्टाग्रामचे रील्स 2020 मध्ये आले ते 15 सेकंदांचे. यूट्यूबच्या शॉर्ट्सना 2024 च्या ऑक्टोबरपासून 3 मिनिटं मिळाली. तेवढ्यात गोष्ट बसते, पण ऐन मध्यातून सुरू करावी लागते. ‘एक आटपाट नगर होतं’ म्हणेपर्यंत माणूस पुढे सरकलेला असतो.

समोर बसून ऐकणारा ‘हं’ म्हणतो. तो हुंकार थांबला की सांगणाऱ्याला कळतं, गोष्ट निसटली. ध्वनिमुद्रणात तो मिळत नाही. कॅसेटच्या दिवसांत कुणाचं पत्र आलं तर आलं. त्यामुळे कितव्या सेकंदाला किती जण उरले हे दाखवणारा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हरखले. हुंकारच परत मिळाला की!

त्याच्या नादाने एक घोळ घातला. एका गोष्टीत म्हातारी दार उघडते, बाहेर कुणीच नसतं. वाचणाऱ्या बाई तिथे चार सेकंद थांबल्या होत्या. मी सॉफ्टवेअरला सांगितलं, अर्ध्या सेकंदावरची प्रत्येक शांतता उडव. पाऊण तासातली सहा मिनिटं वाचली. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “अहो, म्हातारीला दार तरी उघडू द्यायचं!” श्वासही छाटले गेले होते, ऐकताना आपल्यालाच धाप लागत होती. मूळ टेक शोधून पुन्हा सगळं जुळवलं, दोन रात्री गेल्या.

ती गोष्ट चढवल्यावर आलेख पाहिला. दारापाशी रेघ किंचित वर गेली होती, म्हणजे लोक मागे जाऊन तो तुकडा पुन्हा ऐकत होते. घसरण होती ती पहिल्या 20 सेकंदांत, आमच्या संस्थेचं नाव आणि धून वाजते तिथे.

हल्ली यंत्राच्या आवाजात गोष्ट करून द्या म्हणणारे येतात. करून पाहिली. उच्चार बरे होते, पण तो आवाज स्वल्पविरामाला थांबतो, म्हातारीसाठी नाही. सूचना-माहितीला आम्ही तो वापरतो, गोष्टीला अजून नाही.

ती धून काढून टाकली. मीच बसवली होती. भागीदार अजूनही मुद्दाम माझ्यासमोर ती गुणगुणते.