आमची वाटचाल: पेन्सिलीच्या रेघांची भिंत

2009 साली मिरजेत आम्ही दोघींनी दोन खोल्या भाड्याने घेऊन फिजिओथेरपी सुरू केली. सामान काय, तर एक शोल्डर व्हील (खांद्याच्या व्यायामाचं चाक), चौकटीला टांगलेली पुली, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर आणि टेप. फिंगर लॅडरला, म्हणजे बोटं चढवायच्या भिंतीवरच्या शिडीला, पैसे उरले नव्हते. मग पेशंटला भिंतीवरच बोटं चढवायला लावायचो, जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ आणि शेजारी तारीख.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आलेल्या पहिल्या बाई म्हणजे जयसिंगपूरच्या कासारमावशी. बगलेतल्या गाठी काढलेल्या, खांदा 70 अंशांवर अडकलेला. रेडिएशनला हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं, तो तेवढा जाईना म्हणून तारीख पुढे गेलेली. हात बाजूला नेला की बगलेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तार ताणलेली दिसायची. मिरजेत सतारीची तार लावताना पाहिली असेल, अगदी तशी. रोज सोसेल तेवढाच ताण दिला. तिसऱ्या आठवड्यात मावशी रेडिएशनच्या टेबलावर निजल्या आणि आमच्या भिंतीवर त्यांची रेघ माझ्या डोक्याच्याही वर गेली.

2016 मध्ये भागीदारीण बाहेर पडली. सात वर्षं एका डब्यात जेवलो होतो. तिने घरमालकाला जास्त भाडं कबूल केलं आणि तीच जागा घेतली. आत शेक द्यायची मशीन आली, दहा दिवसांचं पॅकेज आलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तिकडे वळल्या, त्या कशा वळतात हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. मला राग त्याचा नाही. बगलेतली नस दुखावल्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर असते, तिथे चटका बसला तरी बाईला कळत नाही. तिथेच शेक द्यायचा? आणि आमची भिंत तिने पहिल्याच आठवड्यात रंगवून टाकली. सात वर्षांच्या रेघा होत्या त्या.

पाच महिने मी एका गाळ्यात बसून होते. एकदा अख्ख्या आठवड्यात दोनच पेशंट आले. बंदच करणार होते. तेव्हा कासारमावशी बांगड्या भरायला ज्या गावांत जायच्या, तिथल्या बायकांना घेऊन येऊ लागल्या. बांगडी चढेना, हात सुजलाय, हे त्यांनाच आधी कळायचं. त्यानंतर सावरलो.

2021 मध्ये ब्रिटनच्या प्रॉस्पर अभ्यासाचे निष्कर्ष आले, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामांबद्दलचे. 392 बायका, त्यांतल्या निम्म्यांना ऑपरेशननंतर 7 ते 10 दिवसांत सुरू केलेले व्यायाम, आणि वर्षभरानंतर त्यांचे हात बाकीच्यांपेक्षा जास्त चांगले चालत होते. मशीन नाही, व्यायाम. तो निकाल वाचून त्या रात्री मला झोप आली नाही.

विचारलं नसलं तरी सांगते. ऑपरेशनच्या जागी पाणी काढायची नळी असेपर्यंत मूठ, मनगट, कोपर हलवत राहा. खांदा किती उचलायचा ते सर्जनला विचारा. घरी कुणाला रगडून तेल चोळू देऊ नका. महिन्यातून एकदा टेपने दोन्ही दंड एकाच जागी मोजा, आधीपेक्षा 2 सेंटिमीटरचा फरक पडला तर थांबू नका, दाखवा.

शनिवारी दुपारी कासारमावशी आमच्याकडे असतात. नव्या बाईने तेव्हाच यावं. भिंतीशी उभं राहायला मावशीच शिकवतात.