सॉलिड्स बरोबर, ड्रम चुकीचा

फेसवॉशची ५०० किलोची बॅच. एसएलईएस (मुख्य फेसकारक) विरघळलं, ३५ किलो कोको बेटाईन (नारळापासूनचं सौम्य, जोडीचं फेसकारक) पडलं, सायट्रिक ॲसिडने पीएच ५.५ वर आणला. राहिलं फक्त मीठ. मिठाची गंमत अशी की ठरावीक प्रमाणापर्यंत ते माल दाट करतं आणि त्यापुढे तेच पातळ करतं. एरवी २० टक्क्यांचं मिठाचं पाणी २५ किलो पचतं. त्या दिवशी २० किलोच्या पुढे माल ढासळायला लागला. पातळ दिसतंय म्हणून ऑपरेटरने आणखी ओतलं. नवीन माणूस हमखास हेच करतो.

संशय बेटाईनवर गेला. सॉलिड्स, म्हणजे पाणी उडवल्यावर उरणारा भाग, ३५ टक्के; अगदी सीओएप्रमाणे (व्हेंडरच्या तपासणी दाखल्याप्रमाणे). मग त्यातलं मीठ मोजलं: सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, आधी नमुन्यात चिमूटभर खायचा सोडा, नाहीतर शेवट दाखवणारा विटकरी रंग उशिरा येतो आणि मीठ उगाच जास्त दिसतं. आकडा आला ८ टक्के. हवं होतं ५. म्हणजे ॲक्टिव्ह, खरं बेटाईन, ३० नव्हे, २७. सॉलिड्सची बेरीज मिठाने भरून काढलेली! ३५ किलोत किलोभर मीठ फुकटचं आलं, तेच आपलं एरवीपेक्षा कमी पचलेलं ५ किलो मिठाचं पाणी.

इथवर प्रश्न फक्त दाटपणाचा होता. पण बेटाईनच्या ड्रमचं झाकण उघडताच अमाईनचा मासळीसारखा वास आला होता. नारळाच्या फॅटी ॲसिडची आधी डीएमएपीए या अमाईनशी प्रक्रिया होऊन अमिडोअमाईन बनतं, त्यावर सोडियम मोनोक्लोरोॲसिटेट घातलं की बेटाईन आणि मीठ. प्रक्रिया अर्धवट राहिली की अमिडोअमाईन आणि डीएमएपीए मालात उरतात. पापण्या, मान, टाळू खाजण्याचा ठपका मुख्यतः या दोघांवर आहे. २००४ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने कोको बेटाईनला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. लेबलवरचं ‘नारळापासून’ यातलं काहीच सांगत नाही.

आमच्या स्पेकमध्ये (कच्च्या मालाच्या ठरवलेल्या मर्यादांत) अमिडोअमाईन जास्तीत जास्त ०.३ टक्के. नव्या व्हेंडरच्या सीओएवर ती ओळच नव्हती. पर्चेसला दिसला तो फक्त किलोमागचा दर. बाहेरच्या लॅबमधून ०.९ आलं. बॅच अडवली.

त्याच लॉटचा पहिला ड्रम मात्र आधीच बेबी वॉशमध्ये गेला होता. तो मिठाने दाट करत नाहीत, त्यामुळे तिथे काहीच बिघडलेलं दिसलं नाही. त्याचं राखून ठेवलेलं सॅम्पल कालच लॅबला पाठवलंय. माल डेपोत आहे, निम्मा.