कुणाच्या हातून फुटलं? न्यू ऑर्लिन्सच्या बांधांवरचे दोन दिवस

न्यू ऑर्लिन्सला निघालो म्हटल्यावर मुलीच्या मैत्रिणींनी यादी पाठवली: बेन्ये, जॅझ, मिसिसिपीतली बोट. आमच्या यादीत 2005 च्या कतरिना वादळात फुटलेल्या भिंती होत्या. यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी कुठलाही बांध दिसला की गाडी बाजूला घ्यावी लागते. तेव्हा ह्यूस्टनहून मुलीच्या गाडीने आय-10 महामार्गावरून साधारण सहा तास, दोन रात्री मुक्काम, असा बेत ठरला.

मार्चअखेर गेलो, तेच बरं झालं. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा अधिकृत हंगाम. त्यातले ऑगस्ट-सप्टेंबर तर टाळाच. ही ठिकाणं उघड्यावर आहेत, सावली बेताची.

जायच्या आधी माझ्या डोक्यात कतरिनाची गोष्ट अशी होती: मोठं चक्रीवादळ आलं, समुद्रसपाटीच्या खाली वसलेलं शहर बुडालं, निसर्गापुढे कोणाचं काय चालणार. वारा आणि लाटांचा सगळ्यात मोठा तडाखा मात्र पूर्वेकडे, मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याला बसला होता. न्यू ऑर्लिन्सचं जवळजवळ ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं, कारण 29 ऑगस्ट 2005 ला पूरसंरक्षणाचे बांध आणि भिंती पन्नासहून जास्त ठिकाणी फुटल्या. त्या काही पालिकेच्या नव्हत्या. 1965 च्या बेट्सी वादळानंतर अमेरिकेच्या संसदेने हे काम आर्मी कोर ऑफ इंजिनियर्सकडे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाकडे (पुढे नुसतं ‘कोर’), सोपवलं होतं. आराखडा त्यांचा, बांधकामही त्यांचं.

हे ठसवण्यासाठी तिथल्या काही नागरिकांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली आहे. सँडी रोझेंथल या बाईंनी आपल्या शाळकरी मुलाबरोबर 2005 मध्येच लेव्हीज.ऑर्ग नावाची संघटना काढली. बाई इंजिनियर नाहीत. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: ‘कतरिनाने शहर बुडवलं’ असं लिहू नका, बांध फुटले म्हणून बुडालं असं लिहा. वर्तमानपत्रांनी आळसाने लिहिलेलं वाक्य दुरुस्त करून घेणं हेच त्यांनी काम मानलं. आम्ही दोन दिवस त्याच दुरुस्तीच्या खुणा पाहत फिरलो.

सुरुवात जेंटिली भागातल्या वॉरिंग्टन ड्राइव्हपासून करा. फ्रेंच क्वार्टरमधली संग्रहालयं नंतर. इथे लंडन अव्हेन्यू कालव्याची भिंत मिराबो अव्हेन्यूजवळ फुटली होती. त्याच जागी 2015 मध्ये संघटनेने एक बाग आणि उघड्यावरचं प्रदर्शन उभं केलंय. तिकीट नाही. फलक आहेत, ते रांगेने वाचायचे. घाईघाईत वीस मिनिटांत होईल. आम्हाला दीड तास लागला, कारण हे प्रत्येक आकृतीपाशी थांबून आम्हाला ‘सोप्या भाषेत’ सांगत होते.

त्यांचं सोपं करून सांगते. हे कालवे पावसाचं पाणी शहरातून पंपाने उचलून पाँचरट्रेन तलावात सोडण्यासाठी आहेत. वादळात तलाव फुगला की पाणी उलटं कालव्यात घुसतं. म्हणून मातीच्या बांधात पोलादी पत्रे ठोकून त्यांच्या माथ्यावर काँक्रीटची भिंत उभी केलेली. सगळा खेळ पत्रे किती खोल गेलेत याचा. 1980 च्या दशकात कोरने याच लुइझियाना राज्यात एक मोठी चाचणी घेतली, तिचा अर्थ चुकीचा लावला, आणि 31 ते 46 फूट खोल जायला हवे होते ते पत्रे 17 फुटांवर थांबवले. त्यात सुमारे दहा कोटी डॉलर वाचल्याचा हिशोब नंतरच्या अभ्यासकांनी मांडलाय. वॉरिंग्टन ड्राइव्हपाशी बांधाच्या खाली वाळू होती. पाणी तिच्यातून झिरपत गेलं, वाळू वाहून गेली, भिंत बसली. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलंही नव्हतं.

यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, माथ्यावरून पाणी गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती.”

शेजारीच पुरात बुडालेल्या घराचं संग्रहालय आहे, 2019 पासूनचं. आत जाता येत नाही, खिडक्यांतून पाहायचं. आत एका मध्यमवर्गीय घराची पुरानंतरची अवस्था जशीच्या तशी मांडलेली: वाळून तडकलेला चिखल, उलटंपालटं सामान, भिंतीवर पाण्याची रेघ. काचेवर ऊन चमकतं, तेव्हा दोन्ही हातांचा आडोसा करून नाक काचेला लावा. फोटो काढायचा तर फोन काचेला टेकवूनच काढा. मुलगी पहिल्याच खिडकीपाशी अडकली. मी पुढे गेले, परत आले, ती तिथेच. मलाही संग्रहालयातल्या काचपेट्यांपेक्षा हे जास्त लागलं, कारण आपण कुणाच्या तरी घरात चोरून डोकावतोय असं वाटत राहतं.

लक्षात ठेवा, आजूबाजूला लोक राहतात. मोठ्याने बोलू नका, अंगणांचे फोटो काढू नका, गाडी कुणाच्या दारात लावू नका. नळ किंवा स्वच्छतागृह आम्हाला तरी दिसलं नाही, म्हणून पाणी बरोबर घ्या. डासांचं मलम विसरलात तर संध्याकाळी आठवण येईल. जुन्या नकाशात किंवा जुन्या वर्णनात रॉबर्ट ई. ली बुलेवार्ड दिसला तर गोंधळू नका. 2022 पासून तो ॲलन टूसां बुलेवार्ड झालाय. याच कालव्याचं दुसरं भगदाड त्या रस्त्याजवळ पडलं होतं.

दुसरं ठिकाण लेकव्ह्यू भागातलं, सतराव्या रस्त्याचा कालवा, बेलेअर ड्राइव्हच्या बाजूने. इथे भिंतीचा साधारण साडेचारशे फुटांचा तुकडा सरकला होता. खाली मऊ चिकणमाती. भिंत घराच्या बाजूला कलली, पाण्याच्या बाजूला फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि सगळं ढकललं गेलं. आज पाहायला काय? एक फलक. बस्स. राज्याच्या ऐतिहासिक खुणांच्या धाटणीचा, 2010 मध्ये लेव्हीज.ऑर्गच्या प्रयत्नांनी लागलेला. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला यायचं का, असं मुलगी विचारत होती. मी म्हणेन, या.

कारण त्या फलकावर दोन गोष्टी एकाखाली एक आहेत. 2008 मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने या भिंतीच्या पडझडीची जबाबदारी कोरवर ठेवली. आणि 1928 च्या पूरनियंत्रण कायद्यामुळे कोरकडून भरपाई मात्र मागता येत नाही. कोरच्या प्रमुखांनी, लेफ्टनंट जनरल कार्ल स्ट्रॉक यांनी, चूक 2006 मध्येच जाहीर मान्य केली होती. मान्यही आहे, निकालही आहे, पैसे नाहीत. उरलं काय, तर ओतीव धातूतली चार वाक्यं. ती तिथे का लागतात हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आमचं भांडण इथेच झालं. मी म्हटलं, “म्हणजे शहर बुडालं नाही, बुडवलं.” हे तडकले. “बुडवलं म्हटलं की हेतू आला. कोणता इंजिनियर मुद्दाम भिंत आखूड करतो?” मग त्यांनी बांधांच्या स्थानिक मंडळाचा मुद्दा काढला: कोरला कालव्यांच्या तोंडाशी दारं बसवायची होती, स्थानिक लोकांनाच भिंती हव्या होत्या. हे ऑर्लिन्स आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांपुरतं खरं आहे; सतराव्या रस्त्याच्या कालव्याला मात्र भिंतीच उंच करा, अशी कोरचीच शिफारस होती. वादळात दारं बंद केली तर पंपाने उपसलेलं पाणी जाणार कुठे, अशी स्थानिकांची शंका होती. पण भिंती घ्या असं म्हणणं वेगळं आणि पत्रे 17 फुटांवर थांबवा असं ठरवणं वेगळं, आणि दुसरं कोरनेच ठरवलं. 2015 मध्ये काही तज्ज्ञांनी, त्यात बर्कली विद्यापीठाचे रेमंड सीड होते, जुने कागद तपासून हा फरक नीट मांडला. गंमत अशी, की 2018 मध्ये तिन्ही कालव्यांच्या तोंडाशी कायमची दारं बसलीच, पण जोडीला पंपही. बकटाउनकडून त्यातलं एक बाहेरून पाहता येतं. यांना तिथून हलवायला मला जेवणाची भीती घालावी लागली.

गाडीत बसल्यावर हे आपणहून म्हणाले, “त्यांच्या हातून फुटलं, असं म्हण.” मुलीला मराठीतलं हे ‘हातून’ इंग्रजीत सांगून बघ म्हटलं, तिला जमेना. मला पानशेत आठवलं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, आणि आम्ही अजून ‘पानशेतचा पूर’च म्हणतो.

लोअर नाइन्थ वॉर्डबद्दल थोडंच लिहिते, कारण आम्ही थोडाच वेळ थांबलो आणि तेच योग्य वाटलं. इंडस्ट्रियल कालव्याची भिंत इथे कोसळली आणि एक अख्खी मालवाहू बार्ज वस्तीत आली. घरांच्या मधे अजून मोकळे, गवताळ प्लॉट आहेत. माणसांच्या दुःखाची सहल होऊ लागली म्हणून शहराने 2006 मध्ये टूर बसना इकडे बंदी केली. स्वतःच्या गाडीतून जाता येतं, पण काचा वर करून, हळूहळू चालवत फोटो घेत जाणं म्हणजे तेच. उतरा, जॉर्डन अव्हेन्यूवर नवी भिंत पाहा, निघा.

फ्रेंच क्वार्टरमधल्या प्रेस्बिटेअर या संग्रहालयात 2010 मध्ये उघडलेलं वादळांवरचं प्रदर्शन आहे. चालू आहे ना, एवढं आधी पाहून जा. इथला गायक-वादक फॅट्स डॉमिनो याचा पुरातून काढलेला पियानो लक्षात राहतो. कॅनल स्ट्रीटच्या स्ट्रीटकारने ‘सेमेटरीज’ पाटीच्या गाडीने शेवटपर्यंत गेलात तर कतरिना स्मारक लागतं. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही अशांचे देह तिथे काळ्या दगडांच्या आत ठेवलेत. तिथे सकाळी जा. स्ट्रीटकार आणि बसचा दिवसभराचा पास आम्हाला तीन डॉलरला पडला. जेंटिलीला मात्र गाडी किंवा टॅक्सी बरी.

नागरिकांच्या कामात मला आवडलेली एक खोडी सांगायची राहिली. 2007 मध्ये लेव्हीज.ऑर्गने शाळकरी मुलांना घेऊन एक विडंबन चित्रफीत केली: कोरच्या तपासाची तपासणी करणाऱ्या सिव्हिल इंजिनियर्सच्या राष्ट्रीय संस्थेचीच टर उडवणारी. संस्थेने ती काढायला लावली. वकील उभे राहिले, फीत परत आली. हे ऐकून यांना आधी राग आला, मग हसू. दुसऱ्या एका गटाने मोहीम काढून त्याच सुमारास बांधांची विखुरलेली स्थानिक मंडळं एकत्र आणवली, त्यांत जाणकार माणसं हवीत अशी अट घालायला लावली. 2006 मध्ये राज्यघटनेच्या दुरुस्तीला मतदारांनी मान्यता दिली. याचा फलक कुठे नाही, म्हणून इथे लिहिते.

नव्या व्यवस्थेला साडेचौदा अब्ज डॉलर लागले. 29 ऑगस्ट 2021 ला, बरोबर सोळा वर्षांनी आयडा वादळ आलं, तेव्हा ती टिकली. पण तिच्या अधिकृत नावात आता ‘संरक्षण’ हा शब्द नाही, ‘जोखीम कमी करणारी’ असं आहे. “हे मात्र खात्याने प्रामाणिकपणे लिहिलंय,” हे म्हणाले.

परतीची वेळ ठरवताना एक ध्यानात ठेवा. लोअर नाइन्थकडून शहरात यायला सेंट क्लॉड आणि क्लेबोर्न अव्हेन्यूवरचे पूल आहेत, आणि दोन्ही बोटींसाठी उघडतात. आमच्यासमोर सेंट क्लॉडचा उघडला. हे लगेच खाली उतरले, बार्ज मोजायला.