मंगळवेढ्याहून पंढरपूर, पण एसटीने नाही

आधीच सांगते, मी ट्रेकर वगैरे काही नाही. सोलापुरात आमचं युनिफॉर्म शिलाईचं छोटं युनिट आहे, दिवसभर मशीन ते कटिंग टेबल एवढंच काय ते चालणं. डिसेंबरात आमच्या अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, कुठून तरी बातमी आणली की एक रिटायर्ड मराठीचे सर संतकवींच्या वाटेवरून तीन दिवस चालवत नेतात, दोन मुक्काम, जेवणखाण, सामानाला टेम्पो, माणशी 4,500 रुपये. मी म्हटलं अक्का, आपल्याच जिल्ह्यात चालायला पैसे कशाला द्यायचे? तर म्हणाल्या, "अगं, फुकट होतं तेव्हा तरी कधी गेलीस?" झालं, भरले पैसे.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावापाशी जमलो, सर धरून तेराजण, त्यातले चौघे पुण्याचे. (पुण्याहून येणार असाल तर आदल्या संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरा आणि रात्री सोलापुरात राहा, मुंबईवाल्यांना रात्रीची सिद्धेश्वर सोयीची पडते.) सरांनी सुरुवातच अशी केली की ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाचं हे देऊळ आणि तळं, ते स्वतः बाराव्या शतकातले कवी, कन्नडमधे वचनं लिहिणारे, आणि शाहीर राम जोशीही याच गावचा. माझं लग्न होऊन 19 वर्षं झाली, दर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा बघते, नंदीध्वजाला हात लावते, पण सिद्धेश्वर म्हणजे लिहिणारा माणूस असं कधी डोक्यात आलंच नव्हतं.

तिथून जीपने हत्तरसंग कुडल. सोलापूरच्या दक्षिणेला साधारण 40 किमी, भीमा आणि सीना इथे भेटतात. बहुतेक लोक इथलं बहुमुखी शिवलिंग बघायला येतात, एका दगडावर शेकडो चेहरे, बघण्यासारखंच आहे. पण आम्ही गेलो होतो संगमेश्वराच्या देवळातल्या एका तुळईसाठी. तिच्यावर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे, सगळ्यात जुन्या मराठी लेखांमधला एक, आणि तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी, ज्यांनी नोकरी सांभाळून अख्खा जिल्हा शिलालेखांसाठी पालथा घातला. माना वर करून सगळे उभे, कुणाला काही दिसेना. मग सरांनी मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता एकदम बाजूने, तुळईला चिकटवल्यासारखा धरला आणि सावल्या पडून अक्षरं वर आली. शेवटी मराठीत वाक्य आहे, "वाछि तो विजेया होइवा", सरांनी अर्थ सांगितला की जो हे वाचेल तो विजयी होईल. अक्का लगेच, "वाचलं बाई, आता विजय कधी?" टॉर्चची ही युक्ती लक्षात ठेवा, नाहीतर नुसता काळा दगड बघून परत याल.

पहिल्या दिवशी चालणं असं फार नाहीच, संगमाच्या कडेने चारेक किलोमीटर, मग पुन्हा जीप आणि संध्याकाळी माचणूर. इथे भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, घाट आहे, शेजारी किल्ल्याचे अवशेष. औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 चार वर्षं इथेच ब्रह्मपुरीला होती. सरांनी त्यावर तासभर घेतला, तो मला जरा जास्तच वाटला. खरं कारण वेगळं होतं, आमचा टेम्पो आलेलाच नव्हता. सामान रात्री नऊला आलं, तोवर नदीचा गार वारा आणि सगळ्यांची स्वेटरं टेम्पोत! एका शेतकऱ्याच्या वस्तीवर मुक्काम होता, त्या घरातल्या मावशींनी गोधड्या काढून दिल्या म्हणून निभावलं. तर शाल, औषधं आणि मोबाइलचा चार्जर टेम्पोत टाकू नका, पाठीवरच्या सॅकमधे ठेवा. संयोजक कितीही "काळजी करू नका" म्हणाले तरी.

दुसरा दिवस माचणूर ते मंगळवेढा. हायवेने गेलं तर कमी पडेल पण सर बांधावरून आणि गाडीवाटांनी नेतात, माझ्या मोबाइलमधे 16 किमी भरले. पहिले दोन तास नुसता ऊस. उजनीचं पाणी आल्यापासून नदीकाठ हिरवागार आणि जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम, त्यामुळे पहाटेपासून तोड चालू. एका फडात बीडकडची टोळी होती, बाजूला त्यांच्या कोप्या, एक बाई मोळ्या बांधत होती आणि तिचं पोर वाढ्यांच्या ढिगावर झोपलेलं. आम्ही उभे राहिलो तर तिने विचारलं, खाता का ऊस? आणि एक आडवा पडलेला, चांगला धनुष्यासारखा वाकलेला ऊस उचलून कोयत्याने सपासप कांडी करून दिली. पुण्याच्या एका काकांनी सरळ नाही का एखादा असं विचारलं. त्यावर ती हसली, "वाकडा काय अन् सरळ काय, रस सारखाच."

सर गप्पच झाले. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, मी इथे दरवेळी चोखोबांचा "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" म्हणून दाखवतो, आज त्याची काय गरज राहिली का?

ऊस संपला की जमीन बदलते आणि ते अगदी पायाला कळतं. मंगळवेढ्याचं रान काळं, सपाट, खोल, आणि नजर जाईल तिथवर ज्वारी. ही ज्वारी पाण्यावर नाही येत, पावसाळ्यात या काळ्या मातीने जी ओल पोटात धरलेली असते त्या ओलीवर मालदांडी उभी राहते, पुढे थंडी आणि दव एवढ्यावर दाणा भरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकनही आहे. माणसापेक्षा उंच ताटं, मधून वाट, आत शिरलं की वाऱ्याची सळसळ सोडून दुसरा आवाज नाही, आणि पुढचा माणूस दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. एका जागी हुरड्याची आगटी लावलेली होती. हुरड्यासाठी वेगळी गूळभेंडी लावतात. शेणीच्या राखेतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, वर शेंगाचटणी. माझे हात दुसऱ्या दिवसापर्यंत भाजल्यासारखे होते पण खाल्ला मी बक्कळ.

तिथेच दामाजीपंतांची गोष्ट झाली. बिदरच्या बादशहाचा मंगळवेढ्याचा अधिकारी, दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली, आणि मग विठोबाने विठू महार होऊन बादशहाकडे धान्याची रक्कम भरली. लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट, पण तेव्हा कोठार म्हणजे काय ते डोळ्यासमोर यायचं नाही. सरांनी फक्त हात फिरवला चारी बाजूला. एवढं पीक जिथे गोळा होत असेल तिथली पेवं आणि त्यांच्या बाहेर उपाशी माणसं!

चालण्याचं थोडं सांगते. भारी बूट घेऊ नका. कॅनॉलचं किंवा ठिबकचं पाणी लागलेल्या रानातून गेलात तर काळी माती तळव्याला अशी चिकटते की पाच मिनिटात एकेक पाय किलो किलोचा होतो, जुने वापरातले स्पोर्ट शूज बरे, आणि खिशात एक काडी ठेवा माती खरवडायला. मोजे जाड आणि वरपर्यंतचे, कारण बांधावरची कुसळं. बायकांसाठी महत्त्वाचं, सकाळी निघालं की मंगळवेढा येईपर्यंत बाथरूम नाही, वस्तीवरच्या घरी विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही पण विचारावं लागतं. आम्ही लाजत बसलो आणि पाणी कमी प्यायलो, त्याने अक्कांचं डोकं चढलं दुपारी. तसं करू नका, थंडीतही दुपारी ऊन चांगलंच असतं, माणशी दोन लिटर पाणी हवंच.

मंगळवेढ्यात मुक्काम एका साध्या लॉजवर, गरम पाणी सकाळी सहाच्या आत, नंतर संपतं. गाव म्हणजे संतांची भूमी असं आपण म्हणून मोकळे होतो, पण नावं मोजा की, दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली, चोखोबा इथले, त्याच्याही आधी कलचुरींच्या काळात बसवेश्वर इथे होते. संध्याकाळी चोखोबांच्या स्थानापाशी बसलो. 1338 साली गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते, भिंत कोसळली आणि सगळे तिच्याखाली गेले. ज्या माणसाला आयुष्यभर गावकुसाबाहेर ठेवलं तो मेला गावकुसाखाली. हे सर बोलले नाहीत, आमच्यातला एक कॉलेजचा पोरगा बोलला, अगदी सहज, आणि नंतर कुणीच काही विचारलं नाही.

तिसरा दिवस सगळ्यात मोठा, पंढरपूर. रस्त्याने 24-25 किमी धरा. पहाटे साडेपाचला निघालो, टॉर्च लावून. निघताना सरांनी एवढंच सांगितलं की चोखोबा गेल्यावर पंढरपुराहून नामदेव आले, ढिगाऱ्यात इतक्या जणांची हाडं, ओळखायची कशी, तर कथा अशी की ज्या हाडांना कान लावल्यावर विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती घेऊन नामदेव परत गेले आणि महाद्वारात समाधी दिली. "ती हाडं ज्या दिशेने गेली तिकडेच आपण चाललोय, वाट हीच असेल असं मी म्हणणार नाही." आणि खरंच, त्या दिवशी सर फार बोलले नाहीत.

हा रस्ता मी एसटीने, गाडीने किती वेळा केला असेल, तासाभराचं काम, निम्मा वेळ फोनवर. पायी जाताना मात्र सारखं डोक्यात, की कडेवर पोर असलं तरी मैलभरात हात भरून येतो, नामदेवांनी काय केलं असेल? पाटीत घेतली असतील, का उपरण्यात बांधली असतील? अक्कांना म्हटलं तर त्या म्हणाल्या, चोखोबांच्या सोयराबाईंना कुणी कळवलं असेल गं?

मग माण नदीच्या पुलावर चहाला थांबलो तेव्हा अक्कांनी सरांना सोयराबाईंचंच विचारलं. आणि कळलं ते असं की चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, घरातले पाचही जण अभंग रचणारे. किशोरीताईंनी गायलेलं "अवघा रंग एक झाला" सोयराबाईंचं आहे. माझ्या मोबाइलमधे ते गाणं दहा वर्षं आहे, मला वाटायचं तुकाराम. नणंद-भावजय दोघी लिहिणाऱ्या म्हटल्यावर अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण नुसत्या साडीच्या पिशव्या अदलाबदल करतो." माण तशी कोरडीच होती, वर माणदेशातून येते, माडगूळकर बंधूंचा मुलूख, तिकडची वेगळी टूर सरांच्या डोक्यात आहे म्हणे.

पूल सोडल्यावरचा टप्पा कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू. काही ठिकाणी डांबरी रस्त्याशिवाय पर्याय नाही आणि उसाच्या डबल ट्रॉल्या टेप लावून अंगावर येतात, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर लोंबतो, त्यामुळे उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं, एकामागे एक चाला. अकरानंतर माझ्या डाव्या टाचेला फोड आला. बँडेडने काही होत नाही, घामाने निघतं. पुण्याच्या त्या सरळ ऊसवाल्या काकांनी कापडी चिकटपट्टी दिली तिने काम भागलं, ती एक गुंडाळी नक्की घ्या. चालवत नसेल तर टेम्पोत बसायची सोय आहे, तिघे बसले, कुणी हसलं नाही.

गोपाळपूर वाटेतच लागतं, पंढरपूरच्या अलीकडे. तिथे जनाबाईचा संसार म्हणून जातं वगैरे दाखवतात, दहा मिनिटं बसायला सावली पण आहे. तिथून पुढे गर्दी सुरू.

साडेतीनला महाद्वारात पोचलो. एक व्यवहाराची गोष्ट, नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी दोन्ही महाद्वारापाशी बाहेरच आहेत, त्यासाठी दर्शनाच्या रांगेत लागायची गरज नाही. पदस्पर्शाची रांग वेगळी, तिला किती तास लागतील ते त्या दिवशीच्या गर्दीवर, थकून आलेल्याने मुखदर्शन करावं. एकादशी, शनिवार-रविवार आणि चारही वाऱ्या टाळा, लॉज मिळत नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात सोलापुरात गड्ड्यामुळे तीच गत. जानेवारीचा पहिला किंवा शेवटचा आठवडा, सोमवार ते शुक्रवारातले दिवस, हे सगळ्यात बरं. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू होते.

समाधी तशी लहान आहे, येणारे-जाणारे वाकून हात लावून पुढे. समोर देऊळ, ज्यात चोखोबांच्या माणसांना जायला 1947 उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी मे महिन्यात इथे दहा दिवस उपोषणाला बसले तेव्हा. मी मनात हिशोब केला, 1338 ते 1947. बाजूला बुक्का विकणारा पोरगा "मावशी, चप्पल इकडं ठेवा" म्हणून ओरडत होता. अक्कांनी बूट काढले, मोज्यातून पाय काढताना कळवळल्या, आणि तशाच अनवाणी समाधीपाशी खाली बसल्या, लोकांच्या पायात. पिशवीतून हुरड्याची पुरचुंडी काढली, मंगळवेढ्याची, मला न दाखवता बांधून आणलेली. तिथे ठेवली थोडी आणि उरलेली मला दिली, खा म्हणाल्या, दुपारपासून काही खाल्लं नाहीस.

परतीला पंढरपूर स्टँडवरून मोहोळमार्गे सोलापूर एसटी भरपूर आहेत, दोन तासाच्या आतबाहेर. टूर पंढरपुरातच संपते, परतीचं तिकीट आपलं आपण, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. सुट्टे पैसे ठेवा, वाटेत वस्तीवर चहा-ताकाचे पैसे कुणी घेत नाही पण पोरांच्या हातात काहीतरी द्यावंसं वाटतं. माझे मोजे तीनदा धुतले तरी कुसळं निघेनात, कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा, नाहीतर टाकून देते.