लांबच्या रपेटीसाठी घोडा तयार करताना
लांब पल्ल्याच्या रपेटीसाठी घोडा तयार करायचा, तर आमच्या अमरावतीकडे ते काम दसऱ्यानंतर, काळ्या मातीचा चिखल वाळून पांदण रस्ते मोकळे झाल्यावरच सुरू करावे, असे माझे मत आहे. सुरुवातीचे काही आठवडे त्याला मुख्यतः चालवावे. दम तुलनेने लवकर वाढतो, परंतु पायांच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे चिवट दोर) आणि हाडे बळकट व्हायला कित्येक महिने लागतात, आणि उतावळ्या स्वाराचा घोडा लंगडतो तो बहुधा याच काळात. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. रपेटीनंतर ती ६४ च्या खाली यायला फार वेळ लागत असेल, तर अंतर वाढवू नये.

सामानात सर्वाधिक लक्ष खोगिराकडे द्यावे. ते उतरवताच पाठ पाहावी: घामाने भिजलेल्या केसांत एखादा कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे बहुधा दाब जास्त पडत असतो, आणि पुढे पाठ सोलवटते तीही तिथेच. मणक्यांवर खोगिराचा भार मुळीच नसावा. (वरातीचा झगमगीत साज या कामाचा नव्हे.) घामावाटे मीठ जाते, म्हणून पाण्याइतकीच मिठाचीही सोय ठेवावी.