कार्बन नॅनोट्यूब आणि आमच्या विहिरीचं खारं पाणी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, घेतल्या. कोऱ्या नळ्या पाण्यात मिसळतच नाहीत. कितीही हलवा, गुठळ्याच. म्हणून आधी त्यांच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट, म्हणजे आम्लधर्मी अणुगट, आणायचे. तीन भाग सल्फ्युरिक आणि एक भाग नायट्रिक ॲसिड, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये, बेताच्या आचेवर. ते काम त्या मानाने सोपं. जीव जातो तो धुण्यात. गाळून खाली येणारं पाणी उदासीन होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर ओतत बसावं लागतं, कारण उरलेलं ॲसिड पुढचं प्रत्येक वाचन बिघडवतं.

मग ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या सोनिकेटरमध्ये ठेवल्यावर एकसंध काळं पाणी झालं आणि तसंच टिकलं. कार्बॉक्सिल गट पाण्यात प्रोटॉन सोडतात, नळ्यांवर ऋण प्रभार येतो आणि त्या एकमेकींना दूर ढकलतात.

पण हे झालं डिस्टिल्ड वॉटरमध्ये. मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. आमच्या पाण्यात काय होतं, हे मला बघायचंच होतं. विहिरीवर बाटल्या भरताना आई म्हणाली, "काहून वं, हे खारं पाणी कोणाले पाजतं?"

त्या पाण्यात काळा गाळ खाली बसला, वर नितळ पाणी. क्षारांचे धन आयन नळ्यांभोवतीचा प्रभाराचा थर दाबून टाकतात. सोडियम त्यासाठी पुष्कळ लागतं. कॅल्शियम मात्र थोडंसं पुरतं, कारण त्याचा प्रभार दुप्पट, शिवाय ते दोन नळ्यांच्या कार्बॉक्सिल गटांना जोडतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तिथे तीन प्रभारांचं ॲल्युमिनियम मातीच्या कणांचं हेच करतं.

सगळ्यात जास्त मला गुंतवलं ते ह्युमिक ॲसिडने. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून नदी-नाल्यात येणारा हा पदार्थ. तो आधी घातला की नळ्यांवर त्याचं आवरण बसतं, आणि तेच खारं पाणी असूनही त्या बऱ्याच उशिरा बसतात. म्हणजे विहिरीत जे तळाला जाईल, ते पूर्णेच्या पुरात लांबवर वाहत जाऊ शकतं. नॅनोट्यूब 'पाण्यात बसतात' किंवा 'टिकतात' असं सरसकट विधान मी आता मान्यच करत नाही.

आपल्या भागात कोणी हे काम करणार असेल, तर केवळ टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, मोजून थांबू नका. त्यात सोडियम किती आणि कॅल्शियम किती हे कळत नाही. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, वेगळा काढा, आणि प्रत्येक विहिरीचा काढा.