चिमणीकडे की कोळशाकडे

सहलीच्या दिवशी सकाळी आठला मी आयटीआयचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडलं. एकोणीस मुलांपुढे 'पी' लिहिला आणि विसाव्यापुढे 'ए'. बस दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नियम सरळ आहे: हजेरी संस्थेत, आठ वाजता.

साडेनवाला आम्ही प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयाच्या फाटकाशी उतरलो, तर हा विसावा मुलगा आधीच तिथे उभा. बोडेलीहून छोटाउदेपूरच्या गाडीने आला होता. ती गाडी प्रतापनगरलाच येते. मी विचारलं, "संस्थेत का नाही आलास?" तो गुजरातीत म्हणाला, "सर, यायचं तर इथेच होतं. मग आधी तिकडे जाऊन परत इकडे कशाला?" मला ते उलट उत्तर वाटलं. मी म्हटलं, "रांगेत शेवटी उभा राहा."

मी बडोद्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. फिटर म्हणजे पाना घेऊन नट आवळणारा माणूस, असं बहुतेकांना वाटतं. आमची मुलं पहिले काही महिने फक्त कानस चालवतात. लोखंडाचा एक तुकडा शिकंज्यात धरायचा, कानस मारायची, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावायचा आणि तो उजेडाकडे धरून बघायचं. कडेखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. दोन-चार शतांश मिलिमीटरवर हात यायला वेळ लागतो, तळहाताची सालं निघतात. पण ज्याचा हात एकदा बसला त्याला पुढे कुठलंही यंत्र परकं वाटत नाही. या मुलाचा हात वर्गात सगळ्यांच्या आधी बसला होता, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

संग्रहालयात मी दर वर्षी नेतो, त्याला कारण आहे. आताच्या यंत्राची ओळख झाकणापाशीच थांबते. सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राला, दार असतं, दाराला काच असते, आत फवारा उडत असतो. मुलं बटणं शिकतात. वाफेच्या इंजिनाचं सगळं अंग बाहेर असतं. सिलिंडर, पिस्टनचा दांडा, तो कनेक्टिंग रॉडला जोडणारा सरकता ठोकळा म्हणजे क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, चाकं एकमेकांना जोडणारा कपलिंग रॉड, हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. सरळ रेषेतली हालचाल गोल कशी होते, हे फळ्यावर चार तास काढून जे समजत नाही ते इथे दहा मिनिटांत समजतं.

आणि दुसरं कारण घरचं. माझे वडील, आप्पा, डभोईच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, फिटर होते. बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांसारखं आमचंही पोट गायकवाडांच्या छोट्या रुळांच्या गाडीवर चाललं. वाफ गेली, डिझेल आलं, मग डभोईचे अडीच फुटी रूळ एकेक करून उचलले जाऊ लागले. १७ जानेवारी २०२१ला डभोई-केवडिया ब्रॉडगेजचं उद्घाटन झालं, ते आप्पांनी टीव्हीवर पाहिलं. बोलले काही नाहीत.

मुलांना मी आधी इतिहास सांगतो. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई-मियागाम मार्ग बांधला, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज १६७६. त्या गाड्या ओढायला बैल होते. इथे मुलं हसतात, दर वर्षी हसतात. मी त्यांना हसू देतो आणि मग विचारतो, इंजिन नव्हतं म्हणून बैल होते का? नाही. पुढच्याच वर्षी, १८६३त, स्कॉटलंडच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली होती. पण त्या हलक्या रुळांना इंजिनाचा भार झेपेना. १८७३ साली जास्त भक्कम रूळ टाकून मार्ग पुन्हा सुरू झाला, आणि इंजिनं रोजच्या कामाला लागली ती १८८० साली. इंजिन विकत घेतलं की रेल्वे झाली, असं नसतं. खालचा रूळ, खालची खडी तयार लागते. आपल्याकडे अजूनही आधी इंजिनाचे फोटो काढतात आणि मग खडीचा विचार करतात. हे मी मुलांसमोरही बोलतो.

मग आम्ही अंगणातल्या नॅरोगेजच्या, म्हणजे त्या अडीच फुटी रुळांच्या, इंजिनापाशी गेलो. मी नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला उभा राहिलो, कारण सकाळी तिथे झाडाची सावली असते आणि मुलं उन्हात चुळबुळ करत नाहीत. इतकी वर्षं मी त्या सावलीतच शिकवत आलोय.

पिस्टनपासून सुरुवात केली. वाफ आळीपाळीने दोन्ही अंगांनी येते, दांडा मागेपुढे होतो, कनेक्टिंग रॉड चाकावरच्या क्रँक पिनला ढकलतो, चाक फिरतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, याला हँडल कुठून मारायचं?"

सगळा वर्ग हसला. "आगगाडीला हँडल!" मीही हसलो. इथे मी खरं तेच लिहिणार आहे: मी हसलो आणि म्हटलं, "आधी ऐक, मग विचार." खाली वाकून क्रॉसहेडकडे बोट दाखवलं आणि पुढे गेलो. थोड्या वेळाने मान वर केली तर हा रांगेत नाही. बफरला वळसा घालून पलीकडे गेलेला. मी ओरडलो, "इकडे ये! सहलीला आलायस का?"

तो आला. चेहरा उतरलेला होता, पण बोलला. "सर, इकडचा पिन चिमणीकडे आहे. तिकडचा खाली आहे. कुणी चुकीचा बसवला का?"

मी गप्प झालो.

डावीकडचा पिन खरंच अगदी चिमणीच्या दिशेला, चाकाच्या मध्याच्या रेषेत होता. याला आम्ही डेड सेंटर म्हणतो. पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड आणि चाकाचा मध्य एका रेषेत आले की त्या सिलिंडरमध्ये वाफेचा कितीही दाब द्या, सगळा जोर सरळ आसावर जातो. चाक तसूभर फिरत नाही. एकच सिलिंडर असता तर या जागी उभं राहिलेलं इंजिन स्वतःहून कधीच हललं नसतं. म्हणून दुसऱ्या बाजूचा पिन पाव फेरा, म्हणजे ९० अंश, पुढेमागे बसवतात. एक बाजू अडली की दुसरी पूर्ण जोरात असते. कारखान्यात याला क्वार्टरिंग म्हणतात. त्यात थोडी जरी चूक राहिली तरी कपलिंग रॉड अडकायला लागतात.

हे सगळं मी शिकवणारच होतो, फळ्यावर, पुढच्या आठवड्यात, आकृती काढून. त्यानं ते पलीकडे जाऊन बघितलं होतं.

मी विचारलं, "हँडलचं तुला कसं सुचलं?" मग त्यानं सांगितलं. त्यांच्या शेतावर पाणी ओढायला राजकोटचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, दोन्ही बाजूंना मोठी जड चाकं असलेलं. एका हातानं व्हॉल्व्ह उचलून धरायचा, दुसऱ्या हातानं हँडल जोरात फिरवायचं, चाकांना वेग आला की व्हॉल्व्ह सोडायचा. फट्, फट्, चालू. लहानपणापासून ते हँडल तो मारत आला होता. म्हणून त्याचा प्रश्न अगदी सरळ होता: एवढ्या मोठ्या इंजिनाला पहिला धक्का देतो कोण? माझ्या वर्गातल्या शहरी मुलांना हा प्रश्न पडणंच शक्य नव्हतं, त्यांच्या घरी सगळं किल्लीनं चालू होतं. आणि मला तो इतक्या वर्षांत पडला नाही, कारण उत्तर मला आधीपासून पाठ होतं.

मग मी ठरलेला पाठ सोडला. मुलांना म्हटलं, आता शोधा, इंजिन पुढे जाताना कुठल्या बाजूचा पिन पुढे चालतो, उजवा की डावा? दहा जण इकडे, दहा तिकडे. घड्याळासारखे आकडे ओरडा. आणि गोंधळ उडाला. डावीकडची मुलं ओरडली, "नऊ!" उजवीकडची ओरडली, "सहा!" हिशेब करून एकानं सांगितलं, डावा पुढे. दुसऱ्यानं सांगितलं, उजवा पुढे. दोघांचीही खात्री. मलाही क्षणभर लागेना. कारण एका बाजूनं पाहिलं की इंजिनाचं तोंड डावीकडे असतं, दुसऱ्या बाजूनं उजवीकडे. एकाचे नऊ म्हणजे दुसऱ्याचे तीन.

तोडगा बोडेलीच्या मुलानंच काढला. म्हणाला, "घड्याळ नको. चिमणीकडे की कोळशाकडे, एवढंच बोला." चिमणी इंजिनाच्या पुढच्या टोकाला, कोळसा मागच्या; कुठूनही पाहिलं तरी चिमणी ती चिमणीच. पुढे जाणाऱ्या चाकावरचा पिन वरून चिमणीकडे येतो, तिथून खाली जातो, खालून कोळशाकडे आणि परत वर. डावा चिमणीपाशी पोचलाय, उजवा त्याच्या पुढच्या मुक्कामावर, खाली. म्हणजे उजवा पुढे. वीसही मुलांना एका वेळी समजलं. असं माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा घडलंय.

जाताना मी त्यांना झुकझुक मोजायला सांगितलं. दोन सिलिंडर, प्रत्येकाची दोन अंगं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चिमणीतून चार वेळा सुटते. बसमध्ये मुलं बाकांवर चार-चारचे ठोके देत आली. तो बसमध्ये नव्हता. प्रतापनगरहूनच परतीच्या गाडीला गेला.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्यांना आता ऐकायला कमी येतं, पण हे त्यांनी कान पुढे करून ऐकलं. म्हणाले, "अरे, आम्ही तर ठोक्यावरनं इंजिन ओळखायचो. चार ठोके सारखे पडायला हवेत. एक जरी लंगडा पडला तर समजायचं, वाफेच्या व्हॉल्व्हचं सेटिंग हललंय. उस्ताद डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, उजवीकडचं बघा." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या पोरानं क्वार्टरिंग स्वतः ओळखलं म्हणतोस?"

"हो, आप्पा."

"मला ते उस्तादानं सांगितलं तेव्हा समजलं." पुन्हा थोडा वेळ गप्प. "हजेरी लावलीस ना त्याची?"

मी म्हटलं, "लावली."

दुसऱ्या दिवशी बदलू, असं मनात होतं. पण मस्टर ऑफिसात गेलं होतं, आणि लिहिलेली नोंद खोडायची तर अर्ज, शेरा, सही. त्या आठवड्यात परीक्षेचे कागद होते. मी केलं नाही. पुढे वर्ष संपता संपता हजेरीची यादी लागली. परीक्षेला बसायला ८० टक्के लागतात. त्याचे दोन दिवस कमी होते. एक दिवस संग्रहालयाचा होता. दुसरा कुठला ते मी मस्टर चाळून पाहिलं: गाडीला उशीर झाला म्हणून आठ वाजून पंचवीस मिनिटांनी आलेला. आठची हजेरी ज्यांनी ठरवली ते सगळे स्कूटरवर येणारे. रोज गाडीनं येणाऱ्या मुलाचा विचार त्या नियमात कुठेच नाही. पण यादीवर सही माझी आहे, त्यांची नाही.

तो परत आला नाही. बोडेलीला इंजिन दुरुस्तीच्या दुकानात लागलाय, असं त्याच्या बाकावरच्या मुलानं सांगितलं. म्हणजे हात वाया गेलेला नाही. पण ट्रेडचं प्रमाणपत्र असतं तर त्याला रेल्वेच्या भरतीला बसता आलं असतं, कारखान्यात जाता आलं असतं. आप्पा अधूनमधून विचारतात, "तो हँडलवाला काय करतो?" मी सांगतो, ठीक आहे.

यंदाची सहल पुढच्या महिन्यात आहे. या वर्षी वर्गात गाडीनं येणारी चार मुलं आहेत, दोन त्याच मार्गावरची. हजेरी संग्रहालयाच्या फाटकाशी, साडेनऊला घेण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी लिहिलाय. गेल्या वेळच्या नोंदीबद्दलही त्यात दोन ओळी आहेत, तारखेसकट. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे. अजून सही झालेली नाही.